चिऊताईचं बाळ मोठं झाल्यावर

पाटीपेन्सिल
परवा भाचीला काऊ-चिऊची गोष्ट सांगत होतो. धो धो पाऊस, कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलेलं, तो बिचारा मेणाच्या घराचं दार वाजवतोय. आत चिऊताईचं एकच पालुपद: थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला तीट लावते. भाचीनं मध्येच विचारलं, "काऊ हाक मारतोय ते बाळाला ऐकू येत होतं का?"

इतकी वर्षं ही गोष्ट ऐकतोय, सांगतोय, पण बाळाकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. त्या घरातला साक्षीदार तेवढाच. तेव्हापासून मला ते मोठं झालेलं दिसतंय. रात्री दारावर टकटक झाली की आधी कडी काढतं आणि मग विचारतं, कोण आहे? किंवा अगदी उलट, तेही आपल्या पिल्लाला तीट लावत बसतं आणि आतूनच "थांब" म्हणतं. मला दोन्ही पटतात. बालकथेतली पात्रं अशी मोठी करून बघायलाच हवीत. गोष्टीनं कुणाकडे काणाडोळा केला ते त्यातूनच कळतं.

अर्धविराम
मला हा उद्योगच मान्य नाही. मार्क ट्वेननं 'टॉम सॉयर' (1876) संपवताना स्वच्छ लिहिलंय की ही एका मुलाची हकिगत आहे, म्हणून इथंच थांबायचं. आणखी पुढं नेली तर ती बाप्याची हकिगत होईल. मोठ्यांच्या कादंबरीत कुठं थांबायचं ते ठरलेलं असतं, म्हणजे लग्नापाशी. मुलांच्या गोष्टीत जमेल तिथं थांबावं लागतं, असंही वर म्हणतो.

तुमचं बाळ मोठं झालं की त्याचं काय होतं बघा. अपराधी वाटून घेणारं, तुमच्याआमच्यासारखं एक माणूस. चिमणी कुठं राहिली त्यात? ती गोष्ट उभी आहे "थांब, थांब, थांब"च्या ठेक्यावर. ऐकणाऱ्या पोराला मजा येते ती त्याची.

जुनी वही
अर्धविराम, मग 'श्यामची आई'चं काय करायचं? तिथं गोष्ट सांगणारा श्याम मोठाच आहे. आश्रमात रात्रीमागून रात्री, तब्बल 42 रात्री, मित्रांना सांगत बसतो. पोहायला नको म्हणून लपलेला आणि आईच्या हातची शिंपटी खाल्लेला पोरगा आपल्याला भेटतो तो त्या मोठ्या श्यामच्या तोंडून. मार खाताना त्याला फक्त दुखलं होतं. आई कळली ती पुढं. मोठा श्याम बाजूला काढा, मग नुसता मार उरतो.

अर्धविराम
तो दाखला इथं चालत नाही. साने गुरुजींनी स्वतःचंच बालपण सांगितलं. श्यामला मोठं करायचा हक्क त्यांचा होता. वाचकानं मधेच घुसून केलेला तो खटाटोप नव्हे.

खारूताई
हक्काचं राहू दे, मला तर कंटाळा येतो. सिंड्रेलाचा घटस्फोट, हॅन्सेलला मिठाईची दहशत, लाल टोपडीवाली वकील झाली. किती वेळा तेच! 'लिटल विमेन' या चार बहिणींच्या कादंबरीचा पहिला भाग 1868 मध्ये आला, तेव्हा वाचक मुलींनी पत्रं लिहून लेखिका अल्कॉटबाईंना भंडावून सोडलं: या बहिणी लग्न कुणाशी करतात? बाई इतक्या वैतागल्या की कुणाला खूश करायला मी जोचं (त्यातली एक बहीण) शेजारच्या लॉरीशी लग्न लावणार नाही, असं त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं. पुढच्या भागात तिला दिला एक वयानं मोठा जर्मन प्राध्यापक! आपली कल्पना मोकळी सोडली की ती लग्न आणि नोकरी यांच्या पलीकडे फारशी जात नाही, हा त्यातला खरा लोचा.

पाटीपेन्सिलचं कडी काढणारं बाळ मात्र आवडलं. त्याचं लग्न लावू नका म्हणजे झालं.

निशाचर
भोपळ्यातली म्हातारी तर आधीच मोठी आहे. तिला लहान करून बघा की! वाघाला "लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा" असं तोंडावर सांगणारी बाई आठ वर्षांची असताना काय चीज असेल! मास्तरांना गृहपाठाबद्दल काय काय थापा मारल्या असतील!

सायकलस्वार
2017 च्या सिनेमात फास्टर फेणे मोठा झाला. वैद्यकीय प्रवेश परीक्षा देणारा तरुण. भा. रा. भागवत स्वतःच त्यात पात्र म्हणून हजर. मी नाक मुरडतच गेलो होतो. पण तो "ट्टॉक्" आला आणि विरघळलो. घरी येऊन जुनं पुस्तक उघडलं, तर माझा बन्या होता तसाच, हडकुळा, सायकलवर. मोठ्यानं लहानाला ढकललं वगैरे नाही. अर्धविराम, तुमची भीती जरा जास्तच आहे.

अर्धविराम
तुमचा बन्या आधीच पक्का होता, म्हणून टिकला. पाच वर्षांच्या पोरीची चिमणी अजून ओली आहे. तिला आत्ताच कशाला वाळवता?

पाटीपेन्सिल
वाळवतंय कोण? काल तिनंच पुन्हा गोष्ट सांगायला लावली. तीट लावण्यापाशी आलो, तर म्हणे, "मामा, बाळाला सांग ना दार उघडायला."
म्हटलं, त्याचा हात कडीला पुरत नाही.
"मग त्याला मोठं कर."

अर्धविराम
कडीपुरतंच करा. त्याहून एक बोट जास्त नको.