अंगणातल्या माळेचा एक पट्टा बंद, ग्रिलला हात लागला की झिणझिण्या

सड्यावरची:
आमचं घर रत्नागिरीजवळ, समुद्र अगदी हाकेवर. दसऱ्याला पडवीच्या ग्रिलपासून तुळशीपर्यंत निळ्या दिव्यांची माळ सोडली. परतीच्या पावसात मधला पट्टा बंद पडला, दोन्हीकडचे दिवे मात्र लागतात. एके ठिकाणी खारीने वायर कुरतडली होती, तिथे यजमानांनी पीळ मारून टेप गुंडाळली. एक रात्र माळ लागली, परत सर आली आणि बंद. आता ग्रिलला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि मुलं तिथेच खेळतात. तुळशीच्या लग्नापर्यंत माळ हवी आहे. घरी दुरुस्त होईल का?

मंडपवाला:
ताई, आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करू नका, बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे असले तर बटण बंद असूनही माळेत फेज राहतो. एक दिवा तीन व्होल्टचा, म्हणून लोक माळेला खेळणं समजतात. पण स्वस्त माळेच्या प्लगजवळच्या डबीत व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो, वायरीत थेट घरचे 230 व्होल्ट असतात. ओल्या टेपमधून तेच ग्रिलवर उतरत असणार. प्लग काढल्यावरही झिणझिण्या आल्या, तर दोष घराच्या वायरिंगमध्ये आहे. मग माळेचं काम राहू द्या, त्याच दिवशी वायरमनला बोलवा.

आता पट्ट्याचं. दिवे गटागटाने सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एकाच वायरीत जोडलेले असतात. गटातला एक दिवा किंवा एक सांधा गेला की तेवढाच गट विझतो. आधी यजमानांनी मारलेला पीळ उघडा. तांबं हिरवं पडलं असेल, तर चकचकीत तार दिसेपर्यंत वायर कापा. हिट-श्रिंक नळी, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी, आधी वायरीत ओवून ठेवा, मग सोल्डर करा आणि नळी सांध्यावर सरकवून तापवा. नळी आतून गोंद असलेली घ्या, पाणी तीच अडवते. काळी टेप बाहेर टिकत नाही, तुमच्या खाऱ्या हवेत तर नाहीच.

तरी लागली नाही, तर प्लग काढलेलाच ठेवून घड्याळातला तीन व्होल्टचा बटण सेल घ्या आणि त्या गटातल्या एकेका दिव्याच्या दोन पायांना लावून बघा. नाही लागला तर सेल उलटा करा. चांगला दिवा मंद का होईना, लागतो. दोन्ही बाजूंनी न लागणारा दिवा मेला. बहुतेक वेळा पाय टोपीच्या तोंडाशीच गंजून तुटलेला असतो, टोपी हलकेच ओढली की दिवा हातात येतो.

पुणेरी_गॅलरी:
घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे का, तेही बघा. तिचं टेस्टचं बटण दाबून ती पडते का ते तपासा. बाहेरच्या माळेला मी तिच्याशिवाय वीज देत नाही. पुढच्या वेळी कमी व्होल्टची माळ घ्या, अ‍ॅडॉप्टर घरात ठेवायचा. खोक्यावर आयपी 65 (धूळ-पाणी किती अडतं त्याचा आकडा) आहे का बघा, 44 म्हणजे फक्त शिंतोडे सोसते.

सड्यावरची:
मंडपवाले दादा, प्लग काढल्यावर झिणझिण्या थांबल्या. सांधा नवा केला, तरी पट्टा बंदच. मग सेल लावून बघितलं तर वळचणीखालचा एक दिवा मेलेला निघाला, पाय हिरवा होऊन तुटलाय. इथे निळा मिळत नाही, पांढरा चालेल? आणि तो दिवा काढून वायर थेट जोडली तर?

मंडपवाला:
पांढरा चालेल, दोघांनाही साधारण तीनच व्होल्ट लागतात. थेट जोडाल तर माळ लागेल, पण त्याच्या वाटणीचे व्होल्ट बाकीच्यांवर पडतात. दिवे असे वगळत गेलात तर उरलेले तापून लवकर जातात. दिव्याची दिशा सांभाळा: लांब पाय प्लस, काठाची चपटी बाजू मायनस. जुना दिवा काढण्याआधी त्याची चपटी बाजू कुठे होती ते वायरीवर पेनने लिहून ठेवा. आणि डबी व प्लग पडवीच्या आत आणा, वायरीला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल.