शुल्टेनाइट की अँग्लेसाइट? नजरेने ओळखता येईल का?

प्रश्न (खडेघाशा): जुन्या संग्रहातून नखाएवढा नमुना घेतला. चिठ्ठीवर 'शुल्टेनाइट, त्सुमेब' (नामिबियातली खाण). पातळ, रंगहीन, चकचकीत पाती, खाली हिरवट थर. विकणारा ठामपणे सांगतो. माझा विश्वास बसत नाही.

उत्तर (जुना भूशास्त्रवाला): नजरेवर जाऊ नका. दोन्ही शिशाची खनिजे (शुल्टेनाइट आर्सेनेट म्हणजे आर्सेनिकचा क्षार, अँग्लेसाइट सल्फेट), दोन्ही रंगहीन, हिऱ्यासारखी चमक. शुल्टेनाइटचा कठीणपणा २.५, अँग्लेसाइटचा २.५ ते ३. घनताही जवळजवळ, एकाची ६च्या आसपास, दुसऱ्याची ६.३. भिंगाने निकाल लागत नाही. रामन (लेझर प्रकाशाने खनिज ओळखणारी) किंवा क्ष-किरण चाचणी करा. हिरवा थर बेल्डोनाइट असू शकतो, तेही शिसे-तांब्याचे आर्सेनेट. त्सुमेबहूनच १९२६ मध्ये खनिजतज्ज्ञ स्पेन्सरने शुल्टेनाइट प्रथम वर्णिले. खाण १९९६ मध्ये बंद झाली, म्हणून जुन्या चिठ्ठीला किंमत. चिठ्ठी हरवू नका, बाबा!

उत्तर (बागायतदार): हेच ना ते शिशाचे आर्सेनेट, जे अमेरिकेत सफरचंदांवर फवारायचे?

उत्तर (जुना भूशास्त्रवाला): हो, रासायनिकदृष्ट्या तेच, शिशाचे हायड्रोजन आर्सेनेट. १८९०च्या दशकापासून मॅसॅच्युसेट्समध्ये जिप्सी पतंगावर (झाडांची पाने खाणारी कीड) वापरले. मग बागांच्या मातीत शिसे नि आर्सेनिक मुरले, आजही सापडते. निसर्गात मात्र शिशाच्या धातुकाचे ऑक्सिडीकरण होते तिथेच, तेही क्वचित. पिवळे मिमेटाइट, हेही शिशाचे आर्सेनेट, त्यामानाने सर्रास मिळते.

आणि खडेघाशा, नावाप्रमाणे घासू नका. भुकटी श्वासात जाऊ देऊ नका, आम्ल टाकून बघू नका, हाताळल्यावर हात धुवा.