दोन गिटारवाले, बँडसाठी ॲम्प कुठला घ्यावा? (सोलापूर) लवकर सांगा

तुटकी_तार
नमस्कार मंडळी. बँडसाठी गिटार ॲम्प घ्यायचाय. दोन गिटारवाले आहोत. आत्ताचा १५ वॅटचा आहे, ड्रम सुरू झाला की आम्ही दोघं गायब. वर सारखी घूंघूं. १०० वॅटचा घेतला की काम होईल ना? फक्त मॉडेल सांगा, व्हिडिओ बघून बघून डोकं आउट झालंय. एक मित्र रविवारी पुण्याला चाललाय, त्याच्या हातीच मागवायचाय.

होटगीरोडकर
बजेट? वाजवता काय? कुठं वाजवता? गिटार कुठल्या? ॲम्प एक घ्यायचाय की दोन? यातलं काहीच लिहिलं नाहीस आणि रविवारपर्यंत मॉडेल पाहिजे म्हणे.

सातरस्ता_एक्सप्रेस
बॉस कटाना ५०. विषय संपला. १२ इंची स्पीकर आहे, आणि पॉवर अर्धा वॅट, २५ वॅट किंवा ५० वॅटवर ठेवता येते. घरी रात्री अर्ध्या वॅटवर वाजव, आई झोपेतून उठणार नाही. माझ्याकडे आहे म्हणून सांगतो.

तुटकी_तार
@होटगीरोडकर बजेट २५ हजार. मराठी-हिंदी गाणी, थोडं रॉक. गॅदरिंग, गणपती, झालंच तर एखादं लग्न. ॲम्प अर्थातच एक. आत्ताही एकातच लावतो दोघं, वाय केबल टाकून.

व्हॉल्व्हवाला
ट्यूबचाच (जुन्या रेडिओत असायची तसली काचेची व्हॉल्व्ह) घ्या. १५ वॅटचा ट्यूब ॲम्प ५० वॅटच्या ट्रान्झिस्टरला भारी पडतो. ट्यूब ताणली की आवाज गोड फाटतो, ट्रान्झिस्टर ताणला की नुसता खरखरतो. कटाना म्हणजे काँप्युटरला स्पीकर लावल्यासारखं.

सातरस्ता_एक्सप्रेस
दादा, २५ हजारात स्टेजवर चालेल असा नवा ट्यूब ॲम्प दाखवा, मी पण घेतो. ट्यूब गेली की सोलापुरात कुठं शोधायची तेही सांगा. टेम्पोत मिक्सरच्या पेटीखाली घालून न्यायचा असतो तो.

व्हॉल्व्हवाला
जुन्या रेडिओवाल्यांना विचारा, मिळतात.

सातरस्ता_एक्सप्रेस
रेडिओवाले राहिलेत कुठं आता!

पार्कचौक_मास्तर
आधी वॅटचं बघू. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. म्हणजे ५० आणि १०० मधला फरक खिशाला जास्त कळतो, कानाला कमी. १५ वाल्यात स्पीकर किती इंची आहे? सहा-आठ इंची असेल तर खरी अडचण तिथं आहे.

दुसरं, वाय केबल आज काढून टाका. क्लीन वाजवताना एकवेळ चालेल, पण डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) चालू केलं की एकाच सर्किटमधून गेलेले दोन सूर नुसते मिसळत नाहीत, त्यांच्या बेरजेचे-वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. एकाने ४४० हर्ट्झचा सूर लावला, दुसऱ्याने ४९४ चा, तर ५४ आणि ९३४ सुद्धा बाहेर पडतात. हे दोन कुणीच वाजवलेले नाहीत. दोघांनी पूर्ण कॉर्ड धरले की अशा सुरांची गर्दी होते आणि सगळा चिखल. आणखी वॅट दिले तर चिखलच मोठ्याने ऐकू येईल.

सरगम_७७
तारा कोणत्या वापरता? मी दहाच्या सेटवरून जाड अकराच्या सेटवर आलो आणि टोनच बदलला.

तुटकी_तार
तारांचं कुठं विचारलंय मी?
@मास्तर स्पीकर आठ इंची आहे. बरं, वाय केबल काढली. मग एका ॲम्पात दोघं कसे लावणार?

जुना_ऑर्केस्ट्रा
आमच्या काळी ऑर्केस्ट्रात रोलँड जेसी-१२० असायचा. १९७५ साली निघाला. दोन १२ इंची स्पीकर, ६० अधिक ६० वॅट, आणि दोन वेगळे चॅनल. एक गिटार इकडे, एक तिकडे, भांडणच नाही. आवाज काचेसारखा स्वच्छ. उचलायला मात्र दोघं लागायचे, २८ किलोचं धूड. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत थंडीत आम्ही तो जिन्याने वर चढवलाय! तेव्हा लोक खुर्च्या धरून शेवटच्या गाण्यापर्यंत बसायचे. आता चार ओळी झाल्या की मोबाईल वर.

होटगीरोडकर
काका, २५ हजारात जेसी-१२० कुठं बसवायचा?
@तुटकी_तार दुसऱ्यांदा विचारतोय. गिटार कुठल्या, बाबा?

तुटकी_तार
माझी इलेक्ट्रिक, स्ट्रॅट टाईप, सिंगल कॉइल पिकअपवाली (तारांचा आवाज पकडणारा पिकअप, एकाच कॉइलचा). दुसऱ्याची ॲकॉस्टिक आहे, आत पिकअपवाली, ९ व्होल्टची बॅटरी लागते ती. त्यानं काय फरक पडतो?

पार्कचौक_मास्तर
अरे मग अख्खा धागाच बदलला ना बे!

ॲकॉस्टिक गिटार इलेक्ट्रिकच्या ॲम्पात लावायचीच नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पचा स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ काही देतच नाही. इलेक्ट्रिकला ते बरं, डिस्टॉर्शनची किरकिर झाकली जाते. पण ॲकॉस्टिकचा सगळा खळखळाट त्याच्याच वर असतो, म्हणून ती डब्यात कोंडल्यासारखी वाटते. मग तो आवाज वाढवत जातो आणि पोकळ लाकूड हुंऽऽ करून बोंबलतं. बरोबर ना?

तुटकी_तार
हो, हुंऽ होतंच. आम्ही त्याला तोंड फिरवून बसायला सांगतो.

पार्कचौक_मास्तर
त्याची गिटार डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरच्या माईकच्या जागेला जुळवून देणारी छोटी डबी) थेट मिक्सरमध्ये द्या. गिटारमध्ये बॅटरीवाला प्रीॲम्प आहे, म्हणजे सिग्नल दमदार आहे, साधा पॅसिव्ह (बिनबॅटरीचा) डीआयही चालेल. गॅदरिंगला, मंडपात साउंडवाल्याचा मिक्सर असतोच. गिटारच्या भोकाला रबराचं झाकण लावा, हुं बरंच कमी होईल. उरलेल्या पैशात फक्त तुझ्यासाठी ॲम्प. १२ इंची स्पीकर, ४०-५० वॅट. स्टेजवर तेवढ्यात भागतं, पुढच्या लोकांसाठी ॲम्पसमोर माईक लावायचा किंवा ॲम्पच्या लाइन आउटमधून वायर थेट मिक्सरला द्यायची.

सातरस्ता_एक्सप्रेस
म्हणजे कटाना ५०. मी पहिल्यापासून काय सांगतोय! त्याच्या रेकॉर्डिंग आउटमधून कॅबिनेटचा (स्पीकरच्या पेटीचा) आवाज धरून सिग्नल निघतो. बजेटला वापरलेला बघ.

व्हॉल्व्हवाला
वापरलेला ट्यूबपण मिळतो.

होटगीरोडकर
तालमीला काय करणार? तिथं मिक्सर आहे का? की तालीम घरीच?

तुटकी_तार
तालीम पूर्व भागात मित्राच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत. खाली पॉवरलूम. गाण्याचा एक जुना अहुजाचा ॲम्प आणि दोन कॉलम आहेत, त्यात माईकची एक जागा रिकामी आहे.

पार्कचौक_मास्तर
बघ, हेही आत्ता सांगतोस. त्या रिकाम्या जागेत ॲकॉस्टिक डीआयमधून दे, तालीम भागली.

आता घूंघूं. गिटार गळ्यात ठेवून जागेवरच हळूहळू गोल फिर. एखाद्या दिशेला तोंड केल्यावर आवाज घटला तर तुझे सिंगल कॉइल पिकअप खालच्या लूमच्या मोटारींची घूंघूं पकडतायत. ॲम्प बदलून ते जाणार नाही. हमबकर पिकअप (दोन कॉइलचा, घूंघूं मारणारा) टाक किंवा लूम बंद असताना तालीम करा. तारेला हात लावल्यावर घूंघूं थांबत असेल तर अर्थिंग आणि गिटारच्या आतली वायरिंग तपास. तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन मोडून काम भागवणारे बघितलेत मी. तसलं काही करू नका, माईकला ओठ लागले की झटका बसतो.

तुटकी_तार
फिरून बघितलं. खिडकीकडे तोंड केलं की निम्मं होतं. सव्वासहाला लूम बंद झाले आणि घूंघूंही गेली. आई शप्पथ.
मित्राला सांगतोय, पुण्यात डीआय बॉक्स आणि वापरलेला ५० वॅटचा बघ म्हणून. घेण्याआधी काय तपासायला सांगू त्याला?

होटगीरोडकर
सगळे नॉब फिरवून खरखर बघायची. केबल जॅकमध्ये घालून हलवायची, आवाज तुटला तर सोल्डर गेलंय. निदान अर्धा तास मोठ्या आवाजात चालवायचा, गरम झाल्यावरच खरं कळतं. आणि स्पीकरचा कागद फाटलाय का, टॉर्च मारून बघायचं.

सरगम_७७
त्याला तारांचा सेट पण आणायला सांग.

बेस_फक्त_बेस
धाग्यात घुसतोय, माफ करा. माझा बेस या ५० वॅटवाल्यात लावला तर चालेल का? आमच्याकडे बेसचा ॲम्प नाही.

पार्कचौक_मास्तर
घरी हळू आवाजात चालेल. ड्रमबरोबर नाही, स्पीकर जाईल. वेगळा धागा काढा, आणि गिटार किती तारांची ते पहिल्याच ओळीत लिहा.