फॅमिली डॉक्टर की प्रत्येकाला वेगळा स्पेशालिस्ट?

झुळूक:
नमस्कार मंडळी, मला चौथा महिना चालू आहे, घरात पाच वर्षांचा मुलगा आणि तेरा वर्षांची लेक. लग्न झाल्यापासून आमचे एकच फॅमिली डॉक्टर, सगळ्यांचं सगळं तेच बघतात. गायनॅककडे नाव घातलंय पण मधल्या सर्दी-तापाला ह्यांच्याकडेच जाते. जाऊबाईंचं म्हणणं, तुला गायनॅक, मुलाला पीडियाट्रिशियन, मग मधे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, कशाला? त्यात परवा लेकीला तपासताना डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा. बसले, पण खटकलंच. असं करतात का?

स्टेथोवाला:
मी स्वतः जीपी आहे, त्यामुळे थोडा पक्षपात धरूनच वाचा :)
गायनॅक हवाच, त्यात वाद नाही. पण एक गोष्ट फक्त जुन्या डॉक्टरकडे असते, ती म्हणजे प्रेग्नन्सीच्या आधीचं तुमचं बीपी. मधल्या महिन्यांत बीपी आपोआप थोडं उतरतं, त्यामुळे जिला आधीपासून जास्त असतं तिचंही तेव्हा नॉर्मल दिसू शकतं, आणि मग शेवटी वाढलं की हे जुनंच की २० आठवड्यांनंतर नव्याने आलेलं हे कळायला मागचे आकडे लागतात. नव्याने आलेलं असेल आणि लघवीत प्रोटीन जात असेल तर मामला वेगळा, तो प्रीएक्लॅम्प्सिया म्हणजे प्रेग्नन्सीतला बीपीचा धोक्याचा आजार असू शकतो. तेव्हा जुने आकडे मागून घ्या आणि गायनॅकच्या फाइलला लावा. पुढे कधी जोरात डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, चेहरा अचानक सुजला तर माझ्यासारख्याकडे न येता थेट हॉस्पिटल गाठा. आणि अंगदुखीला आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने नको, २० आठवड्यांनंतर तर नकोच.

दोनपोरांचीआई:
मुलांचं म्हणाल तर ग्रोथ चार्ट, म्हणजे वयाप्रमाणे वजन-उंचीचा आलेख, ज्याच्याकडे आहे तो डॉक्टर सोडू नका. एकदा वजन कमी भरलं म्हणून काही होत नाही, पण रेघ सारखी खाली घसरत असेल तर ते चार्टवरच दिसतं, दर वेळी नवीन डॉक्टर केला तर कोणालाच दिसणार नाही. औषधाचा डोस पण वजनावर असतो, वयावर नाही, आणि तापाचे ड्रॉप्स बऱ्याचदा सिरपपेक्षा कितीतरी स्ट्राँग असतात, त्यामुळे घरातली उरलेली बाटली उचलून बाळाला देऊ नका. बाळ आल्यावर हे लागेलच म्हणून आत्ताच सांगते, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप म्हणजे सकाळची वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं.

उंटावरचाशहाणा:
माझं मत जरा जाऊबाईंच्या बाजूचं. सगळं मीच बघतो म्हणणारा जीपी नको. वेळेवर पुढे पाठवतो का, एवढंच बघा. पाठवत असेल तर ठेवा.

निवांत:
ताई, बाहेर बसवलं ते बरोबरच केलं. वयात येणाऱ्या मुलांशी थोडा वेळ एकट्याने बोलायचं ही जगभर चांगली पद्धत मानतात. पाळी, झोप, मूड, शाळेतला त्रास, आईसमोर कोण बोलतंय? मी शाळेत समुपदेशक आहे, दारात आई उभी असेल तर मुली फक्त मान हलवतात. घाबरू नका, जीवाला धोका किंवा कोणी त्रास देतंय असं काही निघालं तर डॉक्टर गप्प बसत नाहीत. घरी गेल्यावर काय विचारलं म्हणून खोदून खोदून विचारू नका फक्त. आणि एचपीव्हीची लस (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून बचाव करणारी) झाली नसेल तर विचारा, ९ ते १४ हे त्याचं मुख्य वय.

झुळूक:
सगळ्यांचे आभार! बीपीचं कोणीच सांगितलं नव्हतं, उद्याच आकडे मागते. लेकीला काही विचारत नाही, अवघड आहे पण बघू :D एचपीव्ही मी पण तिच्याबरोबर घेऊन टाकू का?

स्टेथोवाला:
तुम्ही आत्ता नाही, प्रेग्नन्सीत ती देत नाहीत. डिलिव्हरीनंतर विचारा. लेकीला द्यायला हरकत नाही.