जुनी ई-क्लास किंवा ५ सिरीज घेताना एअर सस्पेन्शन खरंच आहे का हे ओळखायचं कसं?

करवीरकर_८६

नमस्कार मंडळी, दोन महिने झाले सेकंडहँड सेडान शोधतोय. बजेट असं की त्यात एक चांगली नवी सेडान आरामात येईल, पण एकदा जर्मन गाडी घ्यायचीच हे डोक्यात बसलंय. दर महिन्याला आईला घेऊन कोल्हापूर-पुणे करावं लागतं, तिचा मणक्याचा त्रास आहे, म्हणून मला सस्पेन्शन जरा भारीतलं पाहिजे, बाकी सनरूफ म्युझिक सिस्टीम असलं नसलं तरी चालेल.

पुण्यात दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक २०१२ ची मर्सिडीज ई३५० सीडीआय, डब्ल्यू२१२ म्हणतात ती पिढी. दुसरी २०१४ ची बीएमडब्ल्यू ५३०डी, म्हणजे एफ१० पिढी. मर्सिडीजवाला छातीठोक सांगतोय "एअरमॅटिक आहे साहेब, टॉप मॉडेल आहे" (म्हणजे मर्सिडीजचं एअर सस्पेन्शन, लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे) आणि गिअरच्या इथलं एक बटण दाबून डिस्प्लेवर ई चं एस करून दाखवलं, म्हणे आता सस्पेन्शन स्पोर्ट झालं. बीएमडब्ल्यूवाला पण स्पोर्ट-कम्फर्टचं बटण दाखवून तेच सांगतोय. मला दोन्हीत काही घंटा फरक कळला नाही, एकतर मला कळत नाही किंवा फरकच नाहीये. गाडीत हे फीचर खरंच आहे की नाही हे आपल्यासारख्या माणसाला कसं बघता येईल?

भोसरीचा_पाना

दादा पहिलं म्हणजे ते ई आणि एस चं बटण गिअरबॉक्सचं आहे. इकॉनॉमी आणि स्पोर्ट. त्याचा सस्पेन्शनशी काडीचा संबंध नाही. आता तो माणूस खोटं बोलतोय की त्यालाच माहीत नाही ते देवाला ठाऊक, आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या एजंटांना खरंच माहीत नसतं.

डब्ल्यू२१२ ला एअरमॅटिक असेल तर वेगळी बटणं येतात, एकावर शॉकअपचं छोटं चित्र असतं आणि दुसऱ्यावर गाडीचं चित्र आणि वर जाणारा बाण. बाणवालं दाबलं की इंजिन चालू असताना गाडी हळूहळू साधारण इंचभर उचलते, बाहेर उभं राहून बघितलं तर डोळ्याला दिसतं. ती बटणंच नसतील तर विषय जवळपास संपला.

तरी बटणावर पण सगळा भरवसा ठेवू नको, खाली वाकून बघ. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवायचं, मोबाईलची टॉर्च लावायची आणि चाकाच्या मागून वर बघायचं. साधी गाडी असेल तर शॉकअपभोवती लोखंडी स्प्रिंगचे वेढे सरळ दिसतात, लपत नाहीत. एअरवाली असेल तर वेढे नसतात, त्याजागी काळा जाड रबरी फुगा असतो, शॉकअपच्या वरच्या अंगाला, आणि त्याला बोटापेक्षा बारीक हवेची नळी येते. मागच्या बाजूला पण तसंच, स्प्रिंगच्या जागेवर फुगा. पुढे बघितलंस तरी मागे पण बघ, कारण काही गाड्यांना फक्त मागे फुगे असतात.

एका गोष्टीत लोक फसतात, लोअर आर्मला (चाकाला खालून धरणारा दांडा) जोडलेली एक छोटी काडी आणि सेन्सर दिसतो आणि यूट्यूब बघून आलेला गिऱ्हाईक म्हणतो हा बघा लेव्हल सेन्सर, म्हणजे एअर आहे. अरे बाबा झेनॉन हेडलाइटवाल्या गाडीत लाइटची उंची आपोआप धरायला पण तसलाच सेन्सर असतो. त्यावरून काही ठरत नाही.

म्युनिकमधला_मराठी

वरच्या भाऊंनी हाताने बघायचं सांगितलं, मी कागदावरचं सांगतो.

इकडे जर्मनीत माणूस गाडी ऑर्डर करतो ती एकेक ऑप्शनवर टिक करत, त्यामुळे एकाच रंगाच्या एकाच इंजिनाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतात आणि आतून पूर्ण वेगळ्या निघतात. भारतात कंपन्या ठरलेले पॅक विकतात, कॉम्बिनेशन कमी, पण वर्षावर्षाला पॅकमधलं सामान बदलतं म्हणून "टॉप मॉडेल" या शब्दाला अर्थ नाही. गाडीचा १७ आकडी चेसिस नंबर घ्या आणि फॅक्टरीतून काय लागून आली त्याची यादी काढा. मर्सिडीजमध्ये याला डेटा कार्ड म्हणतात, सर्व्हिस सेंटरमधून मिळतं. त्यात ४८९ कोड असेल तर एअरमॅटिक. ४८७ असेल तर एबीसी, ती हवेवर नाही तर तेलाच्या दाबावर चालते, एस-क्लास वगैरे मोठ्या गाड्यांत दिसते आणि जुनी झाली की तिच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

डब्ल्यू२१२ च्या माहितीपत्रकात "ॲजिलिटी कंट्रोल" आणि "सिलेक्टिव्ह डॅम्पिंग" असं लिहिलेलं सापडेल आणि वाटेल हेच ते. ते ते नाही. तो साधा स्टीलच्या स्प्रिंगवालाच सेटअप आहे, फक्त शॉकअपच्या आत अशी व्हॉल्व्ह आहे की छोट्या हादऱ्याला मऊ आणि मोठ्याला कडक वागते. ना वायर, ना बटण, ना कॉम्प्युटर. वाईट अजिबात नाही, उलट जुन्या गाडीत मला तेच जास्त आवडेल.

आता बीएमडब्ल्यू. एफ१० सेडानला एअर सस्पेन्शन येतच नाही. मागे हवेचे फुगे त्याच पिढीच्या टूरिंगला (लांब डिकीवाली इस्टेट) आणि ग्रॅन टुरिस्मोला असतात, सेडानला चारी बाजूंनी स्टीलच. त्यामुळे कोणी एफ१० सेडान एअरवाली म्हणून विकत असेल तर तिथेच चहा पिऊन निघा. एफ१० मध्ये ऑप्शन आहे तो इलेक्ट्रॉनिक शॉकअपचा, डायनॅमिक डॅम्पर कंट्रोल, कोड २२३. त्याच्यावरचा प्रकार ॲडाप्टिव्ह ड्राइव्ह, कोड २व्हीए, त्यात शॉकअपसोबत वळणावर गाडी कलू नये म्हणून हायड्रॉलिक अँटी-रोल बार पण येतात. चेसिस नंबरची शेवटची ७ अक्षरं टाकली की यादी देणाऱ्या साइट आहेत, फुकट आहेत, कधी अर्धवट यादी देतात, म्हणून दोन ठिकाणी टाकून बघा.

आणि बटण. स्पोर्ट-कम्फर्टचं बटण असलं म्हणजे शॉकअप बदलतात असं नाही, ज्यात साधे शॉकअप आहेत त्यातही ते बटण असतंच, ते ॲक्सिलरेटर, गिअरबॉक्स, स्टेअरिंग बदलतं. स्टेअरिंग जड झालं की माणसाला वाटतं गाडी कडक झाली. एफ१० मध्ये खूण एकच, कम्फर्टच्या पलीकडे कम्फर्ट प्लस असा मोड येतो का बघा. तो इलेक्ट्रॉनिक शॉकअपवाल्या गाडीलाच येतो.

भोसरीचा_पाना

हे भारी सांगितलं. वायरचं मी जोडतो, इलेक्ट्रॉनिक शॉकअप असेल तर शॉकअपपर्यंत एक वायर आणि प्लग गेलेला दिसतोच. ब्रेकच्या एबीएस सेन्सरची वायर वेगळी, ती हबकडे म्हणजे चाकाच्या मध्याकडे जाते, तिच्याशी गल्लत करू नको. वायर लोंबकळत असेल आणि शॉकअपला प्लगच नसेल तर समज कोणीतरी ओरिजिनल शॉकअप काढून साधे टाकलेत.

ऑडी बघणार असाल कोणी तर डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पांढरा कागदी स्टिकर असतो, तीन-तीन अक्षरांच्या कोडांचा. तोच सर्व्हिस बुकच्या सुरुवातीला पण चिकटवलेला असतो. १बीके असेल तर एअर, १बीए म्हणजे साधं.

नाशिकची_ताई

माझं एक ऐका. आम्ही पाच वर्षांपूर्वी एक जुनी जर्मन सेडान घेतली, कोणती आणि कोणाकडून ते सोडा. कोडची यादी काढली होती, त्यात एअर सस्पेन्शन स्पष्ट लिहिलेलं, आम्ही खूश. बटण पण होतं. दाबलं तर काही होईना, विकणारा म्हणाला गाडी गरम झाली की चालतं. मिस्टरांनी ऐकलं. घरी आणून आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने लिफ्टवर चढवली आणि हसायलाच लागला, चारही फुगे काढून त्याजागी बाजारातल्या स्प्रिंगा घातलेल्या आणि मीटरवर लाइट येऊ नये म्हणून ती वॉर्निंग स्कॅनरने बंद करून टाकलेली. म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हा यादी खरी होती, आमच्या दारात आली तोवर खोटी झाली होती. तेव्हा कागद आणि टॉर्च दोन्ही पाहिजे, एक असून भागत नाही.

करवीरकर_८६

बाप रे ताई. मग समजा मर्सिडीजला खरंच फुगे निघाले, तर ते चांगल्या अवस्थेत आहेत हे कसं कळणार? आणि घ्यावी का तशी गाडी?

भोसरीचा_पाना

कळतं, पण एक रात्र द्यावी लागते. फुग्याचं रबर वयाने तडकतं, बारीक गळती सुरू होते. दिवसा काही दिसत नाही कारण कंप्रेसर परत परत हवा भरत राहतो, आणि त्या जादा कामाने शेवटी तोच जळतो. म्हणून संध्याकाळी सपाट जागेवर गाडी लावायला सांग, चाकाच्या मधल्या बिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घे, चारी चाकांचं, फोनमध्ये लिहून ठेव. सकाळी गाडी चालू करायच्या आत परत माप. विकणाऱ्याला आधीच बजावून ठेव की मी यायच्या आत चावी फिरवायची नाही. एखादा कोपरा दोन बोटं बसलेला दिसला की तिकडचा फुगा नाहीतर नळी गेली. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघ, गरम असेल तर त्याने गडबड केलीये.

चालू केल्यावर कंप्रेसर घरघर करून थोड्या वेळात गप्प झाला तर ठीक, करतच राहिला तर गळती आहे. मीटरवर "व्हिजिट वर्कशॉप" आलं तर एकवेळ बोलणी करता येतील, "व्हेइकल टू लो" आलं तर नमस्कार करायचा.

आणि साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावायचा छोटा स्कॅनर) घेऊन जाऊ नको, तो इंजिनापुरतं बघतो. मर्सिडीजला झेंट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा, असलं कंपनीच्या दर्जाचं स्कॅनर असलेला माणूस गाठ. त्यात सस्पेन्शनचं युनिट दिसलंच नाही तर एअर किंवा इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन नाही.

घ्यावी का म्हणशील तर मी नाही म्हणेन. दोन स्ट्रट (फुगा लागलेले शॉकअप) बदलायचे म्हटले तर त्या पैशात नवी कोरी ॲक्टिव्हा येते, आणि एक गेला की दुसरा मागोमाग जातोच.

म्युनिकमधला_मराठी

इथे मी भाऊंशी वाद घालणार. फुगे बदलायचेच आहेत असं धरून तेवढे पैसे किमतीतून आधीच कमी करून घेतले तर दहा वर्षं जुनी एअरवाली गाडी मागे बसणाऱ्यासाठी अजूनही वेगळीच असते, लांबच्या हायवेला तर विचारू नका. पण घेणाऱ्याला ते माहीत असायला हवं. इथे मात्र मर्सिडीजवाला "आहे" म्हणून पैसे वाढवून मागतोय आणि बहुतेक गाडीत नाहीच.

करवीरकर_८६

अपडेट देतो. काल संध्याकाळी दोन्हीकडे जाऊन आलो, सोबत स्कॅनरवाला नेला होता.

मर्सिडीजला बाणाचं बटण नाही, शॉकअपच्या चित्राचं पण नाही. टॉर्च मारली तर पुढे वेढेच वेढे, गंजलेले पण नाहीत बिचारे, मागे पण स्प्रिंगच. यादीत ४८९ नाही. त्याला दाखवलं तर म्हणतो "साहेब फील तर एअरचाच आहे ना". यावर काय बोलणार. तरी गाडी साफ आहे, त्याने स्वतःहून किंमत खाली आणली, मी अजून हो म्हटलं नाहीये.

बीएमडब्ल्यूला कम्फर्ट प्लस येतं! यादीत २२३ आहे, चारी शॉकअपला प्लग लागलेले आहेत, स्कॅनरवर फॉल्ट नाही. मग एकाच स्पीडब्रेकरवरून चार वेळा नेली, दोनदा स्पोर्टमध्ये दोनदा कम्फर्ट प्लसमध्ये, या वेळी स्टेअरिंगकडे लक्षच दिलं नाही, बुडाखाली काय होतंय तेवढंच बघितलं. आता कळला फरक. स्पोर्टमध्ये "धप्प" असं एकदाच होतं, कम्फर्ट प्लसमध्ये गाडी खाली जाऊन वर येते.

आज सकाळी आईला मागे बसवून नेलं. कात्रजपर्यंत गेलो. मोठ्या खड्ड्यांचं काही नाही म्हणाली, पण बारीक खडबडीत रस्त्यावर अंगाला टोचतं म्हणे, आपल्या जुन्या गाडीत असं होत नाही. आणि खाली वाकून बसावं लागतं ती तक्रार वेगळीच. आता हे टोचणं कशाचं? शॉकअप गेलेत का?

भोसरीचा_पाना

टायरच्या साइडवर गोलात आरएससी असं लिहिलंय का बघ. असेल तर रनफ्लॅट आहेत, त्यांची भिंतच दगडासारखी असते, हवा गेली तरी गाडी चालावी म्हणून. जुने झाले की आणखी कडक होतात. बारीक खडबड त्यातनंच येते, शॉकअपचा दोष नाही. टायरवरच चार आकडे असतात बनवल्याचा आठवडा आणि वर्ष दाखवणारे, ते पण बघून ठेव. जुने निघाले तर टायरचे पैसे कमी करून घे, साधे चांगले टायर टाकलेली तसलीच ५ सिरीज कोणाकडे असेल तर आईंना त्यात एकदा बसवून आण आणि मग टोकन दे. पण साधे टाकणार असशील तर डिकी उघडून स्टेपनी आहे का बघ, रनफ्लॅटवाल्या गाडीत बऱ्याचदा नसते.