मदत हवी आहे: लॅपटॉपला ४के मॉनिटर जोडायला नेमकी कोणती केबल घेऊ? (नाशिक)

अक्षरजुळणी

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये घरून डीटीपी करते. लग्नपत्रिका, संस्थांच्या स्मरणिका, शाळांचे अहवाल, वर्षाकाठी एखादं पुस्तक. आजवर सगळं पंधरा इंची लॅपटॉपवरच केलं. दिवाळीआधी एका स्मरणिकेत पहिल्याच पानावर ‘अध्यक्षांचे मनोगत’ यातला अनुस्वार सुटला. दोनदा वाचलं होतं तरी. हजार प्रती घरी आल्या तेव्हा लक्षात आलं. संस्थेचे काका काही बोलले नाहीत, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

त्यानंतर पैसे साठवून २७ इंची ४के मॉनिटर घेतला. अक्षरं इतकी स्वच्छ दिसतात की काय सांगू! ‘उद्ध्वस्त’ मधलं जोडाक्षर, रफार, पाय मोडलेलं अक्षर, सगळं न वाकता वाचता येतं.

अडचण अशी: माउस हलवला की बाण अडखळत जातो. पान खाली सरकवलं की ओळी उड्या मारतात. दोन तास काम केलं की डोकं चढतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये ३० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ३० चित्रं) दाखवतं, ६० चा पर्यायच येत नाही. रिझोल्यूशन १९२० बाय १०८० केलं तर ६० मिळतात, पण मग अक्षरं भुरकट. ज्यासाठी मॉनिटर घेतला तेच गेलं.

आत्तापर्यंत केलेले प्रयोग: मॉनिटरच्या खोक्यातली एचडीएमआय केबल लावली, ३०. दुकानदाराने ‘ही ८के वाली घ्या’ म्हणून अठराशेची केबल दिली, तरी ३०. दिरांनी ऑफिसातून टाइप-सीचा हब (एका भोकातून अनेक भोकं काढणारी डबी) आणला. लॅपटॉपच्या टाइप-सीला हब, हबच्या एचडीएमआयमधून मॉनिटर. चित्र आलं, पण पुन्हा ३०!

लॅपटॉप सहा वर्षांचा आहे. एक एचडीएमआय, एक टाइप-सी, दोन साधे यूएसबी. चार्जर गोल पिनचा, वेगळा. मॉनिटरला दोन एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट (चित्रासाठीचंच दुसऱ्या प्रकारचं भोक), टाइप-सी नाही. एका पुस्तकाचं काम हातात आहे, प्रकाशकांना महिनाअखेर द्यायचंय. कृपया मार्ग सुचवा.

सातपूरकर

ताई, मॉनिटरच सदोष असेल. बदलून मिळतोय तोवर बदलून घ्या.

गोदाकाठ

घाई करू नका. मॉनिटर ठीक आहे असं मला वाटतं, कारण १०८० ला तो ६० हर्ट्झ देतोय. दोन गोष्टी बघून सांगाल का?

पहिलं, मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांवरून मेनू उघडा. काही मॉनिटरांत एचडीएमआय १.४ (जुनं, कमी वेगाचं) की २.० (नवं) असा पर्याय असतो आणि कारखान्यातून तो १.४ वर ठेवलेला असतो. दुसरं, लॅपटॉपच्या टाइप-सी भोकाशेजारी काही खूण आहे का? इंग्रजी डी अक्षरासारखी, किंवा विजेच्या बाणासारखी.

अक्षरजुळणी

बघितलं. मेनूमध्ये आधीपासून २.० च आहे. टाइप-सीजवळ खूण आहे, डीच्या आकाराची, पोटात पी असावा तशी. टॉर्च लावून पाहिली तेव्हा दिसली, बरीच पुसली गेलीय.

गोदाकाठ

मग काम झालं म्हणा. ती डिस्प्लेपोर्टची खूण. म्हणजे तुमच्या टाइप-सीमधून चित्र बाहेर पडतं. (हबवर चित्र आलं तेव्हाच ते सिद्ध झालं होतं म्हणा.) टाइप-सी हा नुसता भोकाचा आकार आहे. आतून चित्र जातं की फक्त डेटा, हे लॅपटॉप बनवणाऱ्यावर असतं, म्हणून विचारलं.

आता तुम्हाला तीनही वेळा ३० का मिळाले ते सांगतो, कारण इथे दोन वेगळी कारणं आहेत आणि लक्षण एकच.

४के म्हणजे ३८४० बाय २१६०, एका चित्रात जवळपास ८३ लाख ठिपके. ते सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर नुसत्या चित्रालाच साधारण १२ गिगाबिट लागतात. तुमच्या लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ चं असणार. त्यात चित्रासाठी ८ गिगाबिटच्या थोडं वर एवढीच जागा असते. म्हणून ४के म्हटलं की तो ३० वर येतो. एचडीएमआय २.० हे मानक २०१३ सालीच आलं, पण नंतरही बरीच वर्षं लॅपटॉपांत १.४ च बसवत होते. भोकच अरुंद असेल तर अठराशेची केबल लावा नाहीतर अठरा हजाराची, पाणी तेवढंच येणार. ती केबल परत घेत असतील तर परत करा.

हबचं कारण वेगळं. टाइप-सीमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. हबला यूएसबी ३ ची भोकंही चालवायची असतात, म्हणून तो दोन जोड्या डेटाला देतो आणि चित्राला उरतात दोन. तुमच्या लॅपटॉपच्या काळातल्या डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये दोन जोड्यांतून साडेआठ गिगाबिटच्या आसपास जातं. पुन्हा ३०. शिवाय स्वस्त हबवर बारीक अक्षरांत ‘४के ३० हर्ट्झ’ असं छापलेलंच असतं.

उपाय: सरळ टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल. मध्ये काही नको. चारही जोड्या चित्राला मिळतात, १७ गिगाबिट. लांबी दीड-दोन मीटरच घ्या, जास्त नको. पाकिटावर ‘४के ६० हर्ट्झ’ लिहिलेलं बघून घ्या. चार्जर वेगळा आहे आणि माउस-कीबोर्डला दोन यूएसबी आहेत, त्यामुळे टाइप-सी अडकली तरी तुमचं काही अडत नाही.

सातपूरकर

हे मला माहीत नव्हतं. ताई, मॉनिटर बदलू नका, माझा सल्ला मागे घेतो.

पिंपळपार

मी माझा अनुभव सांगते. माझ्या मॉनिटरला टाइप-सी होतं, म्हणून मोबाइलच्या चार्जरची केबल लावली. लॅपटॉप चार्ज व्हायला लागला, पण पडदा काळाच. मी आठवडाभर लॅपटॉपला दोष देत होते. मोबाइलसोबत येणाऱ्या बहुतेक केबलींत वीज आणि यूएसबी २ एवढ्याच तारा असतात, चित्राच्या तारा नसतातच. वरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात. हातात घेतली की चित्राची केबल जराशी जाड लागते, पण तेवढ्यावर विसंबू नका.

अक्षरजुळणी

गोदाकाठ दादा, इतकं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. आज एम. जी. रोडला जाऊन आले. पहिल्या दुकानात ‘टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट’ म्हटलं तर त्यांनी एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी केबल काढून दिली. म्हणाले, ‘मॅडम, एचडीएमआय लॅपटॉपला लावा, डिस्प्लेपोर्ट मॉनिटरला, एकच आहे.’ घेऊ का? साडेचारशेला आहे. उद्यापर्यंत ठेवा सांगून आलेय.

गोदाकाठ

अजिबात घेऊ नका! ती केबल एकाच दिशेने चालते. डिस्प्लेपोर्ट संगणकाच्या बाजूला, एचडीएमआय मॉनिटरच्या बाजूला. उलटी लावली तर ‘नो सिग्नल’. उलट दिशेला जायचं तर मधे वेगळी वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो, आणि तो लावूनही तुमचं एचडीएमआय १.४ च राहणार.

टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबलींनाही हाच नियम लावा. बहुतेक एकाच दिशेच्या असतात. पाकिटावर टाइप-सी संगणकाकडे आणि डिस्प्लेपोर्ट मॉनिटरकडे असा बाण असेल तीच घ्या. आणि जमलं तर लॅपटॉप सोबत न्या, दुकानातच लावून बघा.

अक्षरजुळणी

झालं!!

काल लॅपटॉप पिशवीत घालून गेले. दोन दुकानांत नाही मिळाली, तिसऱ्यात मिळाली. तिथल्या मुलाने न कंटाळता काउंटरवरचा ४के मॉनिटर लावून दाखवला. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे ३० ऐवजी ६० हर्ट्झ दिसलं तेव्हा मी त्या मुलाचे दोनदा आभार मानले. दोन मीटरची, अकराशे रुपये. ८के वाली केबल मात्र जिथून घेतली होती त्या दुकानाने परत घेतली नाही. राहू दे.

घरी आल्यावर स्केलिंग (पडद्यावरच्या अक्षरांचा आकार) १५० टक्के केलं. आता एका बाजूला पूर्ण पान आणि दुसऱ्या बाजूला लेखकाचं हस्तलिखित, दोन्ही एकावेळी दिसतं. रात्री पुस्तकाची वीस पानं तपासली. सहाव्या पानावर ‘नाही’ चा ‘नाहि’ झालेला सापडला. लॅपटॉपवर तो मी तीनदा वाचून पुढे गेले होते.

एक शंका राहिली. मधेच चहाला उठले आणि परत आले तर पडदा काळा. माउस हलवल्यावर दोन-तीन सेकंदांनी चित्र येतं. हे चालतं ना?

पिंपळपार

चालतं. मॉनिटर झोपतो आणि उठायला तेवढा वेळ घेतो. माझाही घेतो.

गोदाकाठ

वा, फार बरं वाटलं वाचून. काळजीचं काही नाही. मॉनिटरच्या मेनूत ‘ऑटो इनपुट’ बंद करून डिस्प्लेपोर्ट कायम निवडून ठेवा, तो शोधाशोध करण्यात वेळ घालवणार नाही.

आणि एक. डिस्प्लेपोर्टच्या टोकाला वर छोटा खटका असतो, बहुतेक तुमच्याही केबलला असेल. मॉनिटर हलवताना किंवा केबल काढताना तो दाबूनच काढा. ओढलीत तर मॉनिटरचं भोकच उखडून येऊ शकतं, आणि मग दुरुस्ती केबलपेक्षा कितीतरी महाग पडते.