ग्वांगजांग बाजारात काय खायचं, कुठल्या क्रमाने, आणि आईसाठी काय

*फ्लॅट ३०२* : नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात आम्ही चौघं सोलला जातोय. एक अख्खा दिवस जुन्या बाजारातल्या खाण्यासाठी राखून ठेवलाय. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. लेक ९ वर्षांची, तिला तिखट बेताचंच चालतं. आम्ही दोघं मासे-चिकन खातो, बीफ-पोर्क नाही. कुठल्या बाजारात जावं? ५०४ काकू, १०१ काका, तुम्ही सांगाच.

*फ्लॅट ५०४* : ग्वांगजांगला जा. १९०५ पासूनचा बाजार आहे. त्या काळी कोरियात पाच दिवसांनी एकदा भरणारे बाजार असत, हा रोज उघडा राहणारा म्हणून सुरू झाला. मूळचा कापडाचा, आजही वरच्या मजल्यावर हानबोकचं, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाखाचं, रेशीम मिळतं. खाण्याची गल्ली मधोमध, वर छप्पर आहे, त्यामुळे पावसाची काळजी नाही. मेट्रोची १ नंबर लाइन, स्टेशन जोंगनो ५-गा, ८ नंबरच्या दारातून बाहेर पडलं की बाजार समोरच. सोल स्टेशनपासून चौथं स्टेशन.

रविवारी कापडाची दुकानं बंद असतात, खाण्याचे स्टॉल चालू. चुसोकच्या दिवशी मात्र जाऊ नका, बरेच स्टॉल बंद असतात. तो सण पौर्णिमेला असतो, बहुतेक आपल्या भाद्रपदातल्या, कधी आश्विनातल्या. तारीख दरवर्षी बदलते, तिकिटं काढण्याआधी बघून घ्या.

*फ्लॅट ६०३* : ताई, फोनवर नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप आत्ताच टाकून ठेवा. गूगल मॅप तिथे चालत जायचा रस्ता नीट दाखवत नाही. मेट्रोसाठी टी-मनी कार्ड कुठल्याही छोट्या सुपरमार्केटात मिळतं, रिचार्ज रोख पैशांनी. उतरतानाही कार्ड टेकवायचं, नाहीतर गाडी बदलताना मिळणारी सवलत जाते.

बाजारात रोख लागते. कार्ड घेणारे स्टॉल आहेत, पण भरवसा नको. १००० आणि ५००० वॉनच्या नोटा सुट्या ठेवा. १००० वॉन म्हणजे साधारण ६० रुपये धरा. टिप देत नाहीत.

*फ्लॅट ३०२* : किती वाजता पोचावं?

*फ्लॅट ५०४* : मधल्या वारी सकाळी १०.३० ते ११. तवे तापलेले असतात आणि बाकावर जागा मिळते. १२ ते १.३० जेवणाची गर्दी. शुक्रवार-शनिवार संध्याकाळी माक्कॉल्ली, म्हणजे तांदळाची दारू, पिणाऱ्यांची इतकी गर्दी होते की लेकीला घेऊन उभं राहणंही अवघड.

बाकाचा नियम लक्षात ठेवा. ज्या स्टॉलच्या बाकावर बसाल, तिथलंच मागवायचं. शेजारून आणलेली प्लेट तिथे उघडली तर आवडत नाही, आणि ते बरोबरही आहे, कारण त्या बाईंची सगळी कमाई त्या सहा-आठ जागांवर असते. चौघांनी बसून एकच प्लेट घेणंही बरं नाही. दोन पदार्थ घ्या, खा, उठा, पुढच्या स्टॉलवर जा. असे तीन-चार मुक्काम केले की पोट भरतं आणि सगळं चाखून होतं.

पाटीवर दर आणि वजन लिहिलेलं असतं, ते बघून बोट दाखवा. 'मोदुम' म्हणजे वेगवेगळ्या पदार्थांची एकत्र प्लेट. ती महाग पडते आणि तिच्यात पोर्कच्या टिक्क्या हमखास असतात. तुम्ही घेऊ नका.

*फ्लॅट १०१* : आता मुख्य पदार्थ सांगतो, बिंदेत्तोक. मुगाचंच धिरडं, पण आपल्यापेक्षा जाड. स्टॉलवर विजेवर फिरणारं दगडी जातं असतं, वरच्या भोकात भिजवलेली सालं काढलेली मुगडाळ पाण्यासकट पडते आणि कडेने पिवळसर रवाळ पीठ खालच्या टबात ओघळत राहतं. त्यात मुगाचे लांब मोड, कांद्याची पात, चिरलेलं किमची, म्हणजे आंबवलेला तिखट कोबी. मोठा पळीभर गोळा तव्यावरच्या तेलात पडतो, तेल जवळजवळ कडेच्या अर्ध्या उंचीपर्यंत. म्हणून कड कुरकुरीत जाळीची होते आणि मधला भाग मऊ राहतो.

एक बिंदेत्तोक ताटलीएवढं असतं आणि जड. चौघांत एक पुरे. तव्याच्या कडेला रचून ठेवलेलं घेऊ नका, ते तेल पिऊन बसलेलं असतं. तव्यावर आत्ता पडलेल्याकडे बोट दाखवा आणि पाच-सात मिनिटं थांबा. सोबत सोया सॉस-व्हिनेगरमध्ये मुरलेला कच्चा कांदा देतात. प्रत्येक घासाबरोबर तो खाल्ला तरच तेलकटपणा कापला जातो.

*फ्लॅट ३०२* : म्हणजे हे आईला चालेल!

*फ्लॅट १०१* : थांबा, इथेच गफलत होते. किमचीत बहुतेक वेळा माशाचा अर्क किंवा सेउजोत, म्हणजे खारवलेली बारीक कोळंबी असते. काही स्टॉलवाले पिठात पोर्कचा खिमा घालतात. जुनी पद्धत तर डुकराच्या चरबीत तळायची, आता बहुतेक ठिकाणी तेल असतं. 'गोगी बिंदेत्तोक' असं नाव दिसलं तर मांस नक्की. साध्यालाही विचारायलाच हवं. आई किमचीतल्या माशाच्या अर्काबाबतही काटेकोर असतील तर बिंदेत्तोक त्यांच्यासाठी नाही.

*फ्लॅट ५०४* : 'मी शाकाहारी' एवढं सांगून भागत नाही, हे सगळ्यांनीच लक्षात घ्या. तिथे त्याचा अर्थ बऱ्याचदा 'मांसाचे तुकडे नको' एवढाच घेतला जातो. रस्सा सुक्या मासळीचा असला तरी त्यांच्या लेखी तो भाजीचाच पदार्थ. म्हणून एकेका वस्तूचं नाव घ्यायचं :
गोगी – मांस
सेंगसोन – मासा
ओमुक – माशाच्या पिठाच्या पट्ट्या
केरान – अंडं
त्वेजिगोगी – पोर्क, सोगोगी – बीफ
'… आन मोगोयो' म्हणजे खात नाही. '… प्पे जुसेयो' म्हणजे ते काढून द्या.
कोरियन लिपीत लिहून घेऊन फोनमध्ये चित्र म्हणून ठेवा. उच्चार चुकला तरी वाचून कळतं.

*फ्लॅट ३०२* : मग आईसाठी नक्की काय?

*फ्लॅट ५०४* : सगळ्यात बिनधोक होबाकजुक. लाल भोपळ्याची दाट गोडसर पेज, त्यात तांदळाच्या पिठाच्या छोट्या गोळ्या. दुसरी पातजुक, लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या आझुकी कडधान्याची पेज. दोन्ही मोठ्या पातेल्यांत समोरच उकळत असतात. पातजुक बहुतेक अगोड असते, साखर-मीठ समोर ठेवलेलं असतं, आपल्या चवीने घालायचं. ऑक्टोबरच्या गार हवेत आईंना हे फार आवडेल.

मग होत्तोक. यीस्टने फुगवलेल्या सैल कणकेत ब्राऊन शुगर, दालचिनी, शेंगदाण्याचा कूट भरून तव्यावर चेपतात. गुळपोळीच्या कुळातलंच समजा, फक्त आतला पाक पूर्ण पातळ असतो आणि कढत असतो. लेकीला पहिला घास कडेचा घेऊ दे, मधे चावलं की पाक थेट हनुवटीवर येतो. कागदी कप तिरका धरायचा. काही जण लोण्यात तळतात, ते चालतंच. कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हा पदार्थ टाळा.

*फ्लॅट ६०३* : छोटी किंबाप पण. 'मायाक किंबाप' नावाने प्रसिद्ध आहे. मायाक म्हणजे अंमली पदार्थ, हात थांबत नाही म्हणून. आता ते नाव टाळायचा आग्रह आहे, पाटीवर 'क्कोमा' म्हणजे चिमुकली असंही दिसेल. करंगळीएवढ्या गुंडाळ्या, आत गाजर, पिवळा मुळा, पालक, वर तिळाचं तेल. सोबत मोहरीची झणका देणारी सोया चटणी. भातात व्हिनेगर नसतं, मीठ आणि तिळाचं तेल असतं, म्हणून जपानी सुशीसारखी आंबट लागत नाही. मोठी किंबाप घेऊ नका, तिच्यात अंडं, हॅम किंवा ओमुक असतंच. छोटीतही आत काय आहे ते कापलेल्या टोकाकडून नजरेने तपासा, पिवळं मऊ दिसलं तर अंडं, पिवळं कडक चकचकीत असेल तर मुळा.

*फ्लॅट ३०२* : आणि तोकबोक्की? लेकीने व्हिडिओत पाहिल्यापासून तेच धरलंय.

*फ्लॅट १०१* : तांदळाच्या पिठाच्या चिवट कांड्या, लाल रस्सा. रंगावरून वाटतो तितका जहाल नसतो, कोरियन मिरचीत रंग आणि गोडवा जास्त, शिवाय साखर भरपूर. तरी ९ वर्षांच्या मुलीसाठी एक प्लेट चौघांत आणि सोबत गार सिख्ये, म्हणजे तांदूळ आणि मोडाच्या सातूचं गोड पेय. नुसत्या पाण्याने ती आग जात नाही.

कांडी गरम असतानाच चिवट-मऊ असते, पाच मिनिटांत रबर होते. स्टॉलवरच खा, पार्सल नको. आईंना मात्र नाही. रस्सा सुक्या मासळीच्या पाण्यावर करतात आणि ओमुक त्यातच शिजतं, ते बाजूला काढून काही साधत नाही.

तुम्हा दोघांना कालगुक्सू चालेल, सुरीने कापलेल्या कणकेच्या शेवया, रस्सा मासळीचा किंवा शिंपल्यांचा. मांदू, म्हणजे मोदकासारखे वाफवलेले, त्यांत पोर्क असतं, किमची मांदूतही. सुंदे म्हणजे डुकराचं रक्त आणि शेवया भरलेलं आतडं. युक्हे कच्चं बीफ, वर नाशपाती आणि अंड्याचा बलक. ती एक वेगळी गल्लीच आहे, तुम्ही सरळ पुढे जा.

*फ्लॅट ६०३* : वळवळणारा ऑक्टोपसही दिसेल, सान्नाकजी. मुलांना देऊच नका. कापल्यावरही त्याच्या चूषकांना पकड असते आणि घशात चिकटून लोक गुदमरले आहेत.

*फ्लॅट ५०४* : क्रम असा ठेवा. ११ वाजता बिंदेत्तोक आणि छोटी किंबाप. मग आईंसाठी होबाकजुक, त्याच बाकावर तुम्हीही एक घ्या. मग तोकबोक्की. गोड शेवटी, होत्तोक किंवा क्वाबेगी, म्हणजे पीळ घातलेला डोनट. क्वाबेगीत दूध-अंडं असू शकतं, विचारा. गोड आधी खाल्लंत तर बाकी काही जाणार नाही, बिंदेत्तोक शेवटी खाल्लंत तर जड होईल.

नंतर बाजाराच्या दक्षिणेला च्योंगग्येचोनचा ओढा आहे. त्याच्यावर पूर्वी उड्डाणपूल होता, तो पाडून २००५ मध्ये ओढा पुन्हा मोकळा केला. काठाने पश्चिमेकडे चालत निघा, सगळं पचतं. कचऱ्याचे डबे रस्त्यावर फार कमी, एक पिशवी जवळ ठेवा.

*फ्लॅट १०१* : आणखी एक. स्टॉलवरच्या बाईंना 'इमो' अशी हाक मारा. इमो म्हणजे सख्खी मावशी, आईची बहीण. आपण भाजीवाल्या मावशींना हाक मारतो अगदी तसंच.

*फ्लॅट ४०५* : काका, आम्ही काही जाणार नाही, पण ते धिरडं घरी जमेल का?

*फ्लॅट १०१* : जमेल. पिवळी मुगडाळ १ वाटी, तांदूळ २ चमचे, ४-५ तास भिजवा. पाणी निथळून अर्धी वाटीच ताजं पाणी घालून रवाळ वाटा. अगदी गुळगुळीत वाटलंत तर मऊ आणि चिकट होतं, कुरकुरीत नाही. डोशासारखं आंबवायचं नाही. लांब मोड मिळाले तर मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकून घट्ट पिळा. आपले मोड आलेले मूग घालू नका, दाताखाली कच्चे लागतात, त्यापेक्षा बारीक कोबी बरा. मीठ आणि भाज्या तव्यावर घालायच्या क्षणी मिसळा, आधी मिसळलंत तर पाणी सुटतं आणि उलटताना तुटतं. तेल ४ चमचे, आच मध्यम, तळहाताएवढं, पेराएवढं जाड, एका बाजूने ४ मिनिटं. एकदाच उलटा.

कांद्याला : सोया सॉस २ चमचे, व्हिनेगर १, पाणी १, चिमूटभर साखर, एक हिरवी मिरची. अर्धा तास मुरू द्या.

*फ्लॅट ३०२* : सगळं उतरवून घेतलं. येताना कोणाला गोचुजांग, म्हणजे कोरियन मिरचीचा लगदा, आणायचा असेल तर सांगा.

*फ्लॅट ६०३* : ताई, ते चेक-इन बॅगेतच ठेवा. गोचुजांग लगदा असला तरी तपासणीत द्रव धरतात, हातातल्या बॅगेतून १०० मिलीच्या वरचं काढून घेतात. आणि डब्याचं झाकण चिकटपट्टीने बंद करून दोन पिशव्यांत गुंडाळा, लाल डाग कपड्यांवरून जात नाही. मला अर्धा किलोचा एक डबा, पैसे आत्ताच पाठवतो.